पवनाकाठचा तंबू: बंदी प्रत्येक दुर्घटनेनंतर येते, पण धरणाच्या काठाची जबाबदारी नेमकी कुणाची?

पाऊस ओसरला, की मावळातल्या पवना धरणाच्या काठावर तंबू दिसायला लागतात. माणशी हजार-पंधराशे रुपये. त्यात संध्याकाळी चहा-भजी, रात्री बार्बेक्यू, शेकोटी, गिटारवर गाणी म्हणणारा एखादा तरुण, सकाळी पोहे आणि समोर तुंग-तिकोना. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून अडीच-तीन तासांच्या आत पोचता येत असल्यामुळे शनिवारी रात्री इथे जागा मिळत नाही. इन्स्टाग्रामवर 'पवना लेक' टाकलं, तर तासभर रील्स संपत नाहीत.

रीलमध्ये काही गोष्टी दिसत नाहीत. तंबू कुणाच्या जमिनीवर आहे, समोरचं पाणी चार पावलांवर किती खोल आहे, काठावर बांधलेल्या बोटीची नोंद कुठे आहे का, आणि रात्री अकरा वाजता कुणी पाण्यात गेलं तर धावून कोण येणार, हे तिथे कुणी सांगत नाही. डिसेंबर २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात मित्रांसोबत इथे आलेले दोन तरुण बोट उलटून बुडाले. त्याआधी पाच महिन्यांपूर्वी, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण प्रवाहात वाहून गेले. पाण्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक फोनवर पोचला होता.

भुशीनंतर काय झालं, तेही ओळखीचंच आहे. जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघाले. धरणाजवळच्या टपऱ्या पाडल्या गेल्या. पोलिसांची नाकाबंदी लागली. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, याच मावळ तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

म्हणजे बंदी नव्हती असं नाही. पण बंदी म्हणजे व्यवस्था नाही. पवनाचा काठ पाहिला की दोन्हींतला फरक लक्षात येतो.

हा 'लेक' नाही, धरण आहे

गुगल मॅपवर 'पवना लेक' असं लिहिलेलं असलं, तरी हे नैसर्गिक तळं नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पवना नदीवर बांधलेल्या मातीच्या धरणाचा हा जलाशय आहे. साठवण क्षमता साधारण साडेआठ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचललं जातं, शुद्ध केलं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. त्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी मिळतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं. तंबूतून बाहेर येऊन ज्या पाण्यात कागदी प्लेट भिरकावली जाते, ते पाणी काही दिवसांनी खाली कुणाच्या तरी हंड्यात पडणार असतं.

तळं आणि धरण यांत पर्यटकाच्या दृष्टीनं आणखी एक मोठा फरक आहे. तळ्याचा काठ बहुतेक वेळा जागेवर असतो. धरणाचा काठ चालत असतो. ऑगस्टमध्ये धरण भरलं की पाणी सर्वांत वरच्या रेषेला टेकतं. तिला पूर्ण संचय पातळी म्हणतात. मग ऑक्टोबरपासून जूनपर्यंत पाणी रोज थोडं थोडं उतरत जातं आणि खालची जमीन उघडी पडते. मे महिन्यात पवनानगरजवळ पाण्याखालचं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर वर येतं. लोक चालत दर्शनाला जातात, फोटो काढतात. पावसाळा लागला की तेच मंदिर पुन्हा पाण्याखाली जातं.

उतरत्या पाण्यामागे सरकणाऱ्या या जमिनीला मराठीत छान शब्द आहे: गाळपेर. धरणातलं पाणी ओसरलं की गाळाच्या ओल्या जमिनीत एक पीक निघतं. जलसंपदा विभाग ही जमीन तात्पुरत्या भाडेपट्ट्यानं देतो आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असतं. पट्टा हरभरा-भाजीसाठी, तंबूसाठी नाही. पण 'पाण्याला लागून तंबू' हीच सगळ्यात महाग विकली जाणारी गोष्ट असल्यामुळे तंबूही पाण्याबरोबर खाली उतरत जातात. खासगी जमिनीवर सुरू झालेला कॅम्प फेब्रुवारी-मार्चपर्यंत सरकारच्या बुडीत क्षेत्रात पोचलेला असतो.

एक काठ, सात कार्यालयं

पाणी आणि बुडीत क्षेत्रातली जमीन जलसंपदा विभागाची. तिच्या वरची शेतजमीन खासगी. डोंगराच्या बाजूला काही ठिकाणी वन विभाग. बांधकामाची परवानगी पीएमआरडीएकडे. जमिनीचा बिगरशेती वापर आणि मनाई आदेश महसूल खात्याकडे. कायदा-सुव्यवस्था, दारू आणि रात्रीचा डीजे पोलिसांकडे. कचरा ग्रामपंचायतीकडे. आणि राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण पाहिलं, तर पर्यटन संचालनालयाकडेही नोंदणी आलीच.

एवढी कार्यालयं असूनही 'या काठावर कुणी बुडू नये' हे कुणाचंही मुख्य काम नाही. जलसंपदा विभागाचं काम पाणी साठवणं आणि सोडणं. त्यांच्या शाखा अभियंत्याकडून जीवरक्षक नेमण्याची अपेक्षा धरणाच्या मूळ आराखड्यात कधीच नव्हती. ग्रामपंचायतीकडे घंटागाडी चालवण्याइतके पैसे असले तरी खूप. पोलीस ठाण्याच्या हद्दीत एक्स्प्रेसवे, किल्ले, लेण्या आणि शेकडो बंगले. मग बुडालेल्याला बाहेर काढायला बोलावलं जातं ते लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' किंवा 'वन्यजीव रक्षक मावळ'सारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांना. ही मुलं आपापली कामं सोडून येतात आणि बहुतेक वेळा त्यांच्या हाती मृतदेहच लागतो. दोष त्यांचा नाही. पाण्याखाली गेलेल्या माणसाकडे मोजकी मिनिटं असतात आणि कुठलंही पथक गाडीनं तेवढ्यात पोचू शकत नाही. वाचवणारा माणूस काठावरच हवा.

मनाई आदेशाचं आयुष्य किती?

दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी जो आदेश काढतात, तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. पाण्यात उतरू नका, धबधब्याखाली बसू नका, मद्यपान करू नका, धोकादायक ठिकाणी सेल्फी-रील करू नका, अशी त्याची साधारण यादी असते.

हे कलम मुळात तातडीच्या प्रसंगासाठी आहे. असा आदेश दोन महिन्यांपर्यंतच लागू राहतो. पुढे वाढवायचा असेल तर राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते आणि त्यालाही सहा महिन्यांची मर्यादा आहे. दंगल किंवा तणाव काही दिवसांत निवळतो, तिथे ही मुदत पुरते. धरणाचं पाणी मात्र बारा महिने तिथेच असतं.

शिवाय वेळापत्रकही जुळत नाही. मनाईचा जोर जून ते सप्टेंबर, कारण तेव्हा धबधबे वाहतात आणि बातम्या त्यांच्याच होतात. पवनाकाठी तंबूंचा खरा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. डिसेंबरमधली ती बोट उलटली तेव्हा ना पूर होता, ना धबधबा. पाणी शांत होतं, आणि तीच त्याची फसवी बाजू.

बंदीचा आणखी एक परिणाम होतो, त्याची चर्चा कमी होते. एका ठिकाणी नाकाबंदी लागली की गर्दी घरी परत जात नाही. सुट्टी काढलेली असते, गाडीत डबा असतो. ती पुढच्या वळणावर, बोर्ड नसलेल्या ठिकाणी, जिथे स्थानिक माणूसही जवळ नाही अशा काठावर उतरते. ओळखीचं, माणसांचा वावर असलेलं ठिकाण बंद करून अनोळखी ठिकाण उघडं ठेवणं, हा सौदा सुरक्षिततेच्या हिशेबात तोट्याचाच आहे.

शांत पाण्यात पोहता येणारेही का बुडतात?

'पोहता येत होतं, तरी बुडाला.' धरणावरच्या जवळपास प्रत्येक बातमीत हे वाक्य असतं. लोक मग भोवरा, चकवा, पाण्यातली ओढ असं काहीतरी म्हणतात. कारणं त्यापेक्षा साधी आहेत.

पहिलं म्हणजे तळ. स्विमिंग टँकचा तळ एकसारखा उतरतो. धरणाच्या पाण्याखाली मात्र एक अख्खं जुनं खोरं आहे: शेतांचे बांध, ओढ्याचं पात्र, विहिरी, मुरूम-माती काढलेले खड्डे, झाडांची खोडं. गुडघाभर पाण्यात चार पावलं टाकली आणि पाचवं पाऊल जुन्या बांधावरून खाली गेलं, की पाणी थेट डोक्यावर. वरून ते दिसत नाही, कारण पाणी गढूळ असतं.

दुसरं, गाळ. वर्षानुवर्षं साचलेल्या मऊ गाळात पाय घोट्यापर्यंत किंवा पोटरीपर्यंत रुततो. घाबरून एक पाय ओढायला जावं तर दुसरा आणखी खोल जातो. 'पाण्यानं ओढून घेतलं' असं वाचलेली माणसं सांगतात ते बहुतेक वेळा हेच असतं. काठावरचा सुकल्यासारखा दिसणारा गाळही फसवा. वरची पापडी वाळलेली आणि खाली चिखल.

तिसरं, गारठा. वरचं पाणी उन्हानं कोमट झालेलं असतं, पण काही फूट खाली ते बरंच थंड असतं. भरल्या पोटी, दमलेल्या अंगानं, त्यात दारू प्यायलेल्या माणसाच्या पोटरीत गोळा आला की टँकमध्ये पन्नास फेऱ्या मारणाराही अडकतो. टँकमध्ये हात पुढे केला की कडा मिळते. इथे धरायला काही नसतं.

आणि चौथं कारण सगळ्यात जास्त जीव घेतं: वाचवायला उडी मारणारा. मे २०२३ मध्ये खडकवासला धरणाच्या पाण्यात गोऱ्हे खुर्दजवळ नऊ मुली बुडू लागल्या. जवळ असलेल्या गावकऱ्यांनी पाण्यात उड्या मारून सात जणींना बाहेर काढलं, दोघी गेल्या. तिथे पाण्याची सवय असलेली माणसं होती म्हणून सात वाचल्या. एरवी एक जण गटांगळ्या खातो, मित्र किंवा भाऊ धावतो, बुडणारा त्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. एकाच कुटुंबातले तिघं-चौघं बुडाल्याच्या बातम्यांमागे बऱ्याचदा हीच साखळी असते.

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवून 'वाचवा' असं ओरडतो. प्रत्यक्षात त्याला ओरडायला श्वासच उरलेला नसतो. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, हात पाणी खाली दाबत राहतात, आणि दहा फुटांवर गप्पा मारणाऱ्यांना तो खेळतोय असंच वाटतं. अशा वेळी दोरी, बांबू, ओढणी, गाडीतली स्टेपनी, रिकामा झाकणबंद कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकायचं आणि काठावर आडवं पडून ओढायचं. बाहेर काढलेल्याचं पोट दाबत बसू नये, त्याला उलटंही टांगू नये. श्वास थांबला असेल तर तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं आणि दुसऱ्यानं ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा. पवनाकाठावरून मोठ्या दवाखान्यासाठी कामशेत किंवा लोणावळा गाठावं लागतं. घाटातल्या रस्त्यावर, शनिवारच्या गर्दीत, हे अंतर नकाशावर दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं असतं.

आकडे मोठे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून मेली. यात नदी, विहीर, शेततळं, समुद्र सगळं आलं. सहलीला गेलेल्यांचा वाटा त्यात थोडाच असेल. पण सहलीतलं बुडणं टाळता येण्यासारखं असतं, कारण तिथे पैसे घेणारा एक माणूस असतो आणि त्याच्यावर अट घालता येते.

बोट: कायदा आहे, नोंदवही नाही

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नाही, ही त्यातली दोन ठळक कारणं. चारच महिन्यांनी, २१ मे २०२४ रोजी, उजनीच्या पाण्यात करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. उजनीची बोट सहलीची नव्हती. ते तिथल्या लोकांचं रोजचं येणं-जाणं होतं. पण त्या घटनेनं एक गोष्ट दाखवली. मोकळ्या जलाशयावर वारा सुटला की काही मिनिटांत लाटा उठतात आणि छोट्या बोटीला परत फिरायला वेळ मिळत नाही. पवना तर चहूबाजूंनी डोंगरांत आहे. दुपारनंतर खिंडीतून वारा उतरतो तेव्हा मघाशी आरशासारखं असलेलं पाणी वेगळंच दिसायला लागतं.

अंतर्गत जलवाहतुकीच्या बोटींसाठी देशात २०२१ चा कायदा आहे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची तपासणी आणि नोंदणी त्यानुसार बंधनकारक आहे, आणि वल्ह्याच्या बोटींचीही स्थानिक पातळीवर नोंद व्हावी अशी तरतूद त्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१७ मध्येच बोटींच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे येतं. त्या मंडळाचा जीव मुळात कोकणच्या बंदरांत. मावळातल्या बंगल्याच्या मागे बांधलेल्या फायबरच्या बोटीपर्यंत त्यांचा निरीक्षक कधी पोचणार?

म्हणून काठावरची बोट पाहताना एक साधी खूण उपयोगी पडते. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि 'इतकी माणसं' हा आकडा रंगवलेला आहे का? नसेल, तर ती बोट कुणीही तपासलेली नाही असंच समजावं. आणि लाइफ जॅकेट अंगात असून बकल लावलेलं नसेल, तर पाण्यात पडताक्षणी ते डोक्यावरून निघून जातं. फोटो चांगला यावा म्हणून जॅकेट काढायला सांगणारे नावाडी आहेत, आणि तसं मागणारे पर्यटकही.

(पाण्याचा नसला तरी तंबूतला एक धोका इथेच सांगायला हवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी वाढली की बार्बेक्यूची शेगडी तंबूच्या आत नेली जाते. बंद तंबूत जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो.)

ज्यांची गावं बुडाली त्यांचं काय?

एवढं वाचून 'मग तंबू कायमचे बंदच करा' असं म्हणावंसं वाटतं. पण तंबूंच्या मागच्या बाजूला जे गाव आहे, त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय हा निर्णय अर्धवट राहतो.

पवना धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतल्या अनेकांचं पुनर्वसन पन्नास वर्षांनंतरही पूर्ण झालेलं नाही. १,२०३ बाधित खातेदारांपैकी ८६३ जणांचा जमिनीचा प्रश्न पुढची कितीतरी वर्षं सरकारदरबारी फिरत राहिला. आणि मावळाला पाण्याचं नाव काढलं की ९ ऑगस्ट २०११ आठवतो. पवनाचं पाणी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरोधात शेतकरी एक्स्प्रेसवेवर बऊर इथे उतरले होते. पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मेले. नदी कोरडी पडेल, विहिरी आटतील ही त्यांची भीती होती. योजना बारा वर्षं स्थगित राहिली. २०२३ मध्ये स्थगिती उठली, विरोध उठलेला नाही.

या पार्श्वभूमीवर तंबू आले. धरणानं ज्यांची शेती घेतली, त्यांच्या नातवंडांना पहिल्यांदाच त्या पाण्यातून रोख पैसा मिळाला. ठाकुरसई, गेव्हंडे आपटी, ब्राह्मणोली, फांगणे, अजिवली, या नावांच्या गावांत कुणी जमीन भाड्यानं दिली, कुणी स्वतः कॅम्प टाकला, बायका स्वयंपाकाला लागल्या, पोरं पार्किंगला. शहरात बारा हजारांच्या नोकरीसाठी जाण्यापेक्षा हे बरं, असा हिशेब कुणीही करील. अर्थात सगळा पैसा गावात राहत नाही. बरेच कॅम्प चालवणारे मुंबई-पुण्याचे आहेत. बुकिंग वेबसाइटवरून होतं, दलाली तिथेच कापली जाते, आणि गावातला मुलगा रात्री तंबू लावायचा रोज घेतो.

बंदी आली की पहिला घाव या मुलावर पडतो. तंबू उचलून नेणं सोपं असतं. काठाला लागून सिमेंटमध्ये उभा असलेला बंगला, त्याचा पाण्यात उतरणारा खासगी जिना आणि त्याच्या मागची बोट सहसा तशीच राहते. मैलापाण्याचंही तसंच. पन्नास तंबूंमागे चार फिरत्या संडासांचा शोषखड्डा काठापासून किती अंतरावर आहे हे कुणी मोजत नाही, आणि बंगल्याची सेप्टिक टाकी कुठे वाहते तेही नाही. दोन्ही शेवटी उताराकडेच जातं. उतार धरणाकडे आहे.

कोयनेत वेगळं काय झालं?

धरणाचं पाणी आणि पर्यटन यांचा मेळ सरकारनं घालायचं ठरवलं तर काय लागतं, हे कोयनेच्या शिवसागर जलाशयात पाहायला मिळतं. तिथे सुरक्षेच्या कारणावरून धरणाच्या भिंतीपासून सात किलोमीटरपर्यंतचं पाणी शासकीय गुपिते कायद्याखाली निषिद्ध होतं. नियम बदलून हे क्षेत्र दोन किलोमीटरवर आणलं गेलं. त्यानंतर जावळी तालुक्यातल्या मुनावळे इथे सरकारी खर्चानं जलपर्यटन केंद्र उभं राहिलं आणि मार्च २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. जेट स्की, स्पीड बोट, तिकीट, जॅकेट, सगळं एका फाटकाच्या आत.

मुनावळ्याला तत्कालीन मुख्यमंत्र्यांचं दरे गाव याच जलाशयाच्या काठावर असल्याचा फायदा झाला, हे लपून राहिलेलं नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या पाण्यात स्पीड बोटींचा आवाज हवा होता का, हाही प्रश्न आहेच. पण एक फरक नाकारता येत नाही. तिथे काही बिघडलं तर कुणाला विचारायचं ते ठाऊक आहे. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर नगरपरिषदेची तिकीट खिडकी आहे, तिथेही तेच. पवनाकाठी काही बिघडलं तर पंचनामा होतो, बंगल्याच्या किंवा कॅम्पच्या मालकावर गुन्हा दाखल होतो आणि बाकी कार्यालयं आपापल्या हद्दी दाखवतात.

अमेरिकेत हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी वेगळ्या पद्धतीनं सुटला. तिथली बरीच मोठी धरणं लष्कराच्या अभियंता विभागाकडे आहेत. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यानं त्या विभागाला धरणांवर करमणुकीच्या सोयी उभारायचे आणि चालवायचे अधिकार दिले. त्यामुळे धरण ज्याचं, काठही त्याचाच. तंबूची जागा आखलेली, तिचं शुल्क ठरलेलं, पोहण्याचा भाग तरंगत्या दोरांनी वेगळा केलेला, आणि अनेक ठिकाणी फुकट लाइफ जॅकेट टांगलेली खुंटाळी. वापरा आणि परत टांगा. तिथेही माणसं बुडतात. पण बुडाल्यावर जबाबदार खातं शोधावं लागत नाही.

महाराष्ट्रात जलसंपदा विभागानं २०१९ मध्ये धरणांच्या परिसरात खासगी भागीदारीतून पर्यटन विकसित करायचं धोरण आणलं होतं. त्या धोरणाची नजर विश्रामगृहं, मोकळ्या जागा आणि मोठ्या ठेकेदारांवर होती. गाळपेराच्या पट्टीवर तंबू लावणारा धरणग्रस्ताचा नातू त्यात बसत नाही. निविदा भरण्याइतकी त्याची ऐपत नाही. मोठा ठेकेदार आला, तर तो पुन्हा एकदा त्याच पाण्याच्या काठावर पहारेकरी होईल.

यातून वाट काढायची तर मोठा कायदा लागणार नाही. गाळपेराचा पट्टा आजही दिला जातोच. काही ठरावीक गटांवर, पाण्यापासून ठरावीक अंतर सोडून, तंबूसाठीही हंगामी परवाना देता येईल. प्राधान्य धरणग्रस्तांच्या बचतगटांना किंवा सहकारी संस्थांना. परवान्याच्या अटी मोजता येण्यासारख्या हव्यात: इतक्या तंबूंमागे एक प्रशिक्षित जीवरक्षक, काठावर दोरी आणि तरंगती रिंग, सूर्यास्तानंतर पाण्यात बंदी, संडासाची टाकी उपसून नेण्याची पावती, बोट असेल तर तिचा क्रमांक. शुल्क शासनाच्या तिजोरीत न जाता त्याच काठावर खर्च व्हायला हवं, नाहीतर जीवरक्षकाचा पगार पहिल्याच वर्षी थकेल. आणि बंगल्यांना तंबूंपेक्षा वेगळा न्याय नको.

अडचण आहे ती पहिल्या सहीची. जलसंपदा विभागानं असा परवाना दिला, की त्या काठावरच्या पुढच्या मृत्यूची जबाबदारी कागदावर त्याच्याकडे येते. परवाना दिला नाही, तर तंबू 'अनधिकृत' राहतात, मृत्यू 'बंदी झुगारून' झालेला असतो आणि विभाग मोकळा राहतो. आज कागदावर पवनाच्या बुडीत क्षेत्रात एकही तंबू नाही. शनिवारी रात्री तिकोन्यावरून खाली पाहिलं, तर दिव्यांच्या माळा थेट पाण्याला टेकलेल्या दिसतात.